सराफी दुकानासाठी सुरक्षा सल्लागार नेमला: फी, काम आणि कुरबुरी

आधीच सांगते, या परीक्षणात सल्लागारांचं नाव नाही आणि आमच्या दुकानाचंही नाही. नाव न छापणं ही त्यांच्याच करारातली अट आहे. कुठल्या सराफानं कुणाकडून दुकान तपासून घेतलं हे बाहेर कळायलाच नको, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटलं. त्यामुळे तिजोरी कुठं, कॅमेरे किती, शटर किती वाजता वर जातं, यातलं काहीही खाली सापडणार नाही. एक-दोन तपशील मुद्दाम फिरवून लिहिलेत. दुकान सांगलीतलं, जुन्या पेठेतलं, आजेसासऱ्यांच्या वेळचं. अरुंद गाळा, मागं कारागिरांची खोली. एवढं पुरे.

फी ३५ हजार रुपये, वर १८ टक्के जीएसटी. आकडा ऐकून अण्णा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "नुसतं बोलायचे एवढे?" त्यांचंही खरंच आहे. आपल्याकडं डॉक्टर, वकील आणि सीए सोडले तर नुसत्या सल्ल्याला कुणी पैसे मोजत नाही. कॅमेरेवाला, अलार्मवाला, तिजोरीवाला, सगळे फुकट सर्व्हे करून देतात, वर पेढेही घेऊन येतात.

जून २०२३ मध्ये सांगली-मिरज रस्त्यावर भरदिवसा सराफी शोरूमवर दरोडा पडला, ते इथं सगळ्यांना आठवत असेल. त्यानंतर पेठेत या फुकट सर्व्हेवाल्यांची रांग लागली. आमच्याकडंही आले. कॅमेरेवाल्याच्या मते आमची अडचण कॅमेरे कमी असण्याची होती. अलार्मवाल्याच्या मते कॅमेऱ्यानं काही होत नाही, सायरन पाहिजे. गार्ड पुरवणाऱ्याच्या मते यंत्रं बंद पडतात, माणूस पाहिजे. ज्याच्या गाडीत जे सामान, तोच आमचा धोका. सगळ्यांची कोटेशनं मांडून बसलो तर बेरीज दोन लाखांच्या वर गेली, आणि तरी यातलं आधी काय करायचं हे कुणीच सांगत नव्हतं.

माझं माहेर विट्याकडचं. आमचे निम्मे पाहुणे गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात, कुणी तमिळनाडूत, कुणी केरळात, कुणी पार पंजाबात. त्यातल्या एका मामेभावानं फोनवर सांगितलं, "ताई, जो काही विकत नाही असा माणूस बघ. आमच्या इथं चार दुकानांनी मिळून असा एक लावलाय." इथपर्यंत अशा माणसांचा धंदा असतो हेच मला माहीत नव्हतं.

पहिले जे भेटले त्यांच्याबद्दल एवढंच लिहिते. आपण किती मोठी कामं केलीत हे दाखवायला त्यांनी मोबाइल काढला आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका सराफाच्या दुकानाचा नकाशाच आमच्यापुढं धरला. स्ट्राँगरूम, कॅमेऱ्यांच्या जागा, सगळं. अण्णांनी चहा पाजला आणि नमस्कार केला. बाहेर गेल्यावर म्हणाले, "आज त्याचं आपल्याला, उद्या आपलं त्याला." विषय संपला.

दुसरे सातारा जिल्ह्यातले. आधी फौज, मग एका बँकेत सुरक्षा अधिकारी, आता स्वतंत्र काम. यांनी आधी कागद पाठवला, पाय नंतर ठेवला. कागदात तीन गोष्टी ठळक होत्या. आमची कुठलीही माहिती ते बाहेर देणार नाहीत. कुठल्याही कंपनीकडून, विक्रेत्याकडून कमिशन घेणार नाहीत. आणि कामाच्या काळात ते कधीही, न सांगता, कुठल्याही रूपात दुकानात येऊ शकतात. दुसऱ्या कलमासाठी मी त्यांना नेमलं. तिसऱ्या कलमानं घरात भांडण लावलं.

झालं असं की, आमची रीतसर भेट ठरली होती त्याच्या आदल्याच दिवशी ते गिऱ्हाईक म्हणून येऊन गेले. सोबत एक बाई होत्या, मंगळसूत्राच्या वाट्या बघायच्या म्हणून. आमच्या पोरानं काउंटरवर एकामागून एक ट्रे काढले, आधीचे आत न ठेवता. मग बाईंना पाणी पाहिजे म्हणून तो मागं गेला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी ओळख दिली आणि वहीतनं वाचून दाखवलं: किती ट्रे उघडे होते, त्यांच्यापाशी कुणी नव्हतं तो वेळ किती सेकंद, दाराजवळच्या खुर्चीवर बसलेला आमचा दुसरा माणूस तेव्हा मोबाइलमध्ये काय बघत होता. अण्णा भडकले. गिऱ्हाईक बनून येणं म्हणजे फसवणूक, असं त्यांचं म्हणणं. साहेब शांतपणे म्हणाले, "अण्णा, जो चोरी करायला येईल तोही गिऱ्हाईक बनूनच येईल."

आता नियम असा की एका वेळी एकच ट्रे. दुसरा पाहिजे तर पहिला आत, वाट्या मोजून. याला पैसा लागला नाही. गिऱ्हाईक सुरुवातीला जरा खट्टू होतं, पण होतं सवयीचं.

त्यांची काम करायची पद्धत बघण्यासारखी होती. पहाटे पेठेत येऊन ते समोरच्या चहाच्या गाड्यावर उभे राहायचे. सराफ पेठेत पहाटे झारेकरी बायका येतात, दुकानांपुढची धूळ झाडून नेतात, धुऊन त्यातनं सोन्याचा कण काढतात. साहेब पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले. कुठल्या दुकानाचं कुलूप कोण उघडतं, कोण कधी उशिरा येतं, अलीकडं कोण अनोळखी दुचाकी लावून उभं असतं, हे त्या बायकांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक निघालं. मी इतकी वर्षं त्यांच्या अंगावरनं जाते, मला हे सुचलं नव्हतं.

दुकान उघडण्याची वेळ हा त्यांच्या अहवालातला सगळ्यात चांगला भाग. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या पद्धत अशी की शटर वर, तिजोरी उघडायची, तिजोरीला हळदकुंकू, मग गल्ल्याची पूजा, गणपतीला हार, उदबत्ती ओवाळत अण्णा उंबऱ्यापर्यंत येतात. तेवढा वेळ तिजोरीचं दार उघडं, शटर उघडं, आणि अण्णांची पाठ दुकानाकडं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता पूजा बंद करा, आणि अण्णांनी त्याला तिथनंच हाकललं असता. यांनी बूट बाहेर काढले, पूजा होईपर्यंत हात जोडून उभे राहिले, आणि मग फक्त क्रम बदलून दिला. शटर वर गेलं की आतली जाळी कुलूपबंदच. पूजा आधी, जाळीच्या आत. तिजोरीला हळदकुंकू बंद दारावर. उदबत्ती जाळीतनंच उंबऱ्याला दाखवायची. दुसरा माणूस येऊन पोचला की मग तिजोरी, आणि जाळी सगळ्यात शेवटी. "देवाची काही हरकत नाही, मी विचारलंय," असं म्हणाले तेव्हा अण्णा पहिल्यांदा हसले.

विम्याची पॉलिसी त्यांनी मागितली तेव्हा मला वाटलं नुसता आकडा बघायचा असेल. त्यांनी सगळी वाचली. सराफांसाठी 'ज्वेलर्स ब्लॉक' नावाची वेगळी पॉलिसी असते, दुकानातला माल, माणसांच्या ताब्यातला माल, वाहतुकीतला माल असे तिचे भाग असतात. आमच्या पॉलिसीत स्पष्ट लिहिलंय की दुकान बंद झाल्यावर माल तिजोरीतच पाहिजे, शोकेसमध्ये राहिलेल्याला भरपाई नाही. तिजोरीची किल्ली रात्री दुकानात ठेवलेली असेल आणि तिनंच तिजोरी उघडली गेली, तरी भरपाई नाही. आणि गिऱ्हाइकाच्या हवाली केलेला माल त्या गिऱ्हाइकानंच लंपास केला, तर तेही विम्यात बसत नाही.

हे तिसरं कलम आमच्या धंद्याच्या मुळावर येतं. सांगलीच्या सराफीत जांगड चालतंच. ओळखीच्या घरात लग्न असलं की चार हार, दोन पाटल्या 'घरी दाखवून येतो' म्हणून जातात, संध्याकाळी परत येतात. साहेबांनी अहवालात लिहिलं: जांगड पूर्ण बंद. हे काही आम्ही ऐकलं नाही आणि ऐकणारही नाही. ज्या घरानं तीन पिढ्या आमच्याकडं सोनं केलं त्या घरच्या आजींना मी 'इथंच बसून बघा' म्हणून सांगू? मधला मार्ग काढला. जांगडाची चिठ्ठी, वजन, दागिन्याचा फोटो, नेणाऱ्याची सही, आणि त्याच दिवशी परत. नवीन ओळखीला जांगड नाही. साहेबांना ते अपुरं वाटतं. असू दे.

हॉलमार्कच्या एचयूआयडीबद्दल, म्हणजे प्रत्येक दागिन्याच्या वेगळ्या ओळख क्रमांकाबद्दल, एक उपयोगी गोष्ट त्यांनी सांगितली. एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडीशिवाय विकता येत नाही, त्यामुळे तो क्रमांक आमच्याकडं असतोच. पण तो दुकानातल्याच कॉम्प्युटरवर. चोरीचं सोनं वितळलं की क्रमांक गेला, तेव्हा चोर सापडायला त्याचा भरवसा नाही, पण विमा कंपनीपुढं काय गेलं हे सिद्ध करायला ती यादी सोन्यासारखी. आता रोजची यादी दुकानाबाहेर जाते.

कॅमेऱ्यांवर त्यांनी घालवलेली दुपार मी विसरणार नाही. पहिला प्रश्न: "हे दुकान आत्ता कोण कोण बघतंय?" मी म्हटलं, मी आणि माझे मिस्टर, मोबाइलवर. त्यांनी डीव्हीआरला, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याला, स्क्रीन जोडून सेटिंग उघडायला लावली. सगळ्यात वरचं, ॲडमिनचं खातं ज्या ईमेलवर होतं तो आमचा नव्हता. काही वर्षांपूर्वी कॅमेरे बसवून गेलेल्या पोराचा होता. बसवताना त्यानं सोयीसाठी स्वतःच्या मोबाइलवर ॲप चालू केलं, आम्हाला फक्त बघायची परवानगी दिली, आणि तसंच राहिलं. तो पोरगा ते कॅमेऱ्याचं दुकान सोडून कधीच गेलाय. आम्ही तिजोरी कधी उघडतो, कोण उघडतं, हे त्याला घरबसल्या दिसू शकत होतं. बघत होता असं मी म्हणत नाही, चांगल्या घरचा होता. पण माझ्या पोटात गोळा आला. पासवर्डही कंपनीकडनं येतो तोच होता. साहेबांनी सांगितलं, २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसनं जगभरातले असेच कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते, कारण मूळ पासवर्ड कुणी बदललेलेच नव्हते. खातं आमच्या नावावर करून घ्यायला खर्च शून्य, पण त्या जुन्या कॅमेरेवाल्या दुकानदाराकडं खेटे घालावे लागले.

पुढं कळलं की डीव्हीआरचं घड्याळ चुकीचं होतं. पोलिसांना फुटेज देताना वेळ जुळली नाही तर बचावाचा वकील तेच धरून बसतो. १ जुलै २०२४ पासून नवीन साक्ष्य अधिनियम आलाय, त्यात फुटेजसोबत कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, पूर्वी ते ६५-ब म्हणून ओळखलं जायचं. त्याचा नमुना त्यांनी भरून फायलीत लावून दिला. आणि कॅमेरे इतके उंच लावलेले की येणाऱ्याची फक्त टोपी दिसते. नवीन आठ कॅमेऱ्यांचं कोटेशन त्यांनी बाजूला ठेवायला लावलं, असलेल्यातला एक काढून बाहेर जाणाऱ्याच्या तोंडासमोर येईल असा खाली बसवला. एवढ्यात त्यांची फी वसूल झाली असं मिस्टर म्हणतात.

गार्डच्या बाबतीत सरळ बोलले. २००५ च्या कायद्याप्रमाणे खासगी सुरक्षा एजन्सीला परवाना लागतो आणि गार्डला १६० तासांचं प्रशिक्षण, माजी सैनिक-पोलिसांना ५६ तासांचं. ज्या एजन्सीनं आम्हाला कोटेशन दिलं होतं तिला दोन्ही कागद मागा म्हणाले. मागितले. फोन पुन्हा आलाच नाही. बंदूकधारी ठेवूच नका, असंही म्हणाले. एवढ्याशा जागेत बंदूक म्हणजे पहिला हल्ला तिच्यावर. दरोडा पडलाच तर हात वर करायचे, माल द्यायचा, चेहरे आणि चपला बघून ठेवायच्या, ते गेल्यावर ११२. हे अण्णांना अजून पचलेलं नाही. काउंटरखाली त्यांची काठी असते आणि ती तिथंच राहणार आहे.

आता तक्रारी.

अहवाल इंग्रजीत आला. जाडजूड, लाल-पिवळ्या-हिरव्या चौकटींचे तक्ते, आणि ज्यांच्या हातात किल्ल्या आहेत त्या अण्णांना त्यातलं अक्षर कळेना. मराठीत मागितला तर आठवण करून करून चार पानं आली, तीही 'सदरहू इसमाने' छापाची. शेवटी मीच वहीत साध्या भाषेत उतरवून दुकानात वाचून दाखवला. सल्ला विकत देणाऱ्यानं तो ज्याला पाळायचाय त्याच्या भाषेत द्यायला नको का?

दोन दारांची सूचनाही मला कागदी वाटली, म्हणजे एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही असली. बँकेला ठीक. गुरुपुष्याला किंवा पाडव्याला आमच्या गाळ्यात पाय ठेवायला जागा नसते, तिथं दोन दारं कुठं बसवू? कारागिरांची रोज झडती घ्या, हीही सूचना होती. आमचा मुख्य कारागीर बंगालचा, माझं लग्न होऊन आले तेव्हापासून इथं आहे. झडती नाही. त्याऐवजी देताना-घेताना दोघांसमोर वजन आणि घटीची, म्हणजे घडवताना घटलेल्या सोन्याची, नोंद दोघांच्या सहीनं, हे मात्र केलं, आणि तोच म्हणाला, "भाभी, हे आधीच करायला पाहिजे होतं, संशय माझ्यावर येतो."

सगळ्यात मोठी उणीव पुराची. कच्च्या अहवालात महापुराचा 'म'सुद्धा नव्हता. सातारकरांना कोयनेतनं पाणी सोडलेलं कळतं, ते पोचतं आमच्या घरात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, जुलै २०२१ ला पुन्हा पेठेत शिरलं. त्या दिवसांत वीज नाही, अलार्मची बॅटरी संपलेली, पोलीस बोटीत, आणि दुकानं बंद. अण्णांनी त्यांना समोर बसवून २००५ पासूनचं सगळं सांगितलं. डीव्हीआर आणि तिजोरी दोन्ही कुठल्या पातळीला आहेत हे साहेबांनी मग टेप लावून मोजलं.

इथं मात्र माणूस मनाचा मोठा निघाला. काहीही सारवासारव न करता पुन्हा आले, जादा पैसे न घेता पुराचं वेगळं पान करून दिलं. पुलाच्या फूटपट्टीला बांधलेलं. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. आमचं पान त्याच्या बऱ्याच आधी सुरू होतं, कारण ४० फुटांची वाट बघितली तर सगळी पेठ एकदम माल हलवायला निघते, आणि रस्त्यावर पिशव्या घेतलेले सराफ बघायला चोर हजरच असतात. कुठल्या फुटाला लॉकरवाल्या बँकेला फोन, कुठल्या फुटाला माल दिवसाउजेडी बाहेर, कुणी न्यायचा, कुणाला सांगायचं नाही, विमा कंपनीला जागा बदलल्याचं पत्र कधी. शेवटची ओळ अण्णांनी घातली: "गणपती पहिल्यांदा हलवायचा." ते पान मराठीत आहे आणि तेच एकटं पान सगळ्यांना पाठ आहे.

एकूण खर्च? फी सोडून कड्या-कुलपं, दिवे, जाळीची दुरुस्ती, डीव्हीआर वर चढवणं, एक बटण (कुठं ते नाही सांगणार) असं सगळं मिळून फीपेक्षा कमीच आलं. दोन लाखांची कोटेशनं रद्दीत गेली.

मी पाचपैकी चार देईन. एक तारा इंग्रजीचा आणि उशिराचा कापला, ठरल्यापेक्षा पंधरवडाभर थांबायला लावलं. छोटा टाका-फुंकणीवाला, म्हणजे किरकोळ डागडुजी करणारा सोनार असेल, रोजचा माल घरी नेत असेल, तर एवढी फी घालू नका. शेजारच्या दोन-तिघांनी मिळून एकाच दिवशी बोलवा, तसं ते करतात. नेमताना कमिशन घेत नाही हे लेखी घ्या. नमुना अहवाल मागा, आणि तो नावं खोडलेला असेल तरच पुढं बोला. पूर भागातले असाल तर पहिल्याच भेटीत फूटपट्टीचा विषय काढा.

फेरतपासणीची फी वेगळी आहे, बारा हजार. पावसाळ्याआधी करून घ्यायची असं ठरलंय. अण्णांनी आठ हजारांवर घोडं अडवून धरलंय, साहेब दहाच्या खाली यायला तयार नाहीत.